सुरुवातीचं बोलणं काढावं

दादा, परवाच्या रविवारी लातूरच्या माझ्या घरी तिघे जण गाणं ऐकायला आले होते. महिन्यातून एकदा आम्ही असे बसतो. चहा आधीच होतो, मोबाइल बाहेरच्या टेबलावर ठेवले जातात आणि मग दोन तास कुणी बोलायचं नाही, असा नियम आहे. नियम माझाच. तुमची मुलगी आहे, दुसरं काय करणार. त्यांतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी घरी नवा संच बसवायचं मनावर घेतलंय. खोली तयार आहे, स्पीकर ठरलेत, अॅम्प्लिफायर ठरलाय, फक्त एका गोष्टीवर घोडं अडलंय. निघता निघता त्यांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही इतकी वर्षं ऐकताय. खरं सांगा, सोर्स कोणता धरावा?” सोर्स म्हणजे गाणं जिथून निघतं ते ठिकाण. रेकॉर्ड, कॅसेट, सीडी, इंटरनेट, नाहीतर कॉम्प्युटरच्या डबीत साठवलेल्या फाइली. तुम्ही त्याला मूळ म्हणायचात. “मुळातच न्हाई तं मशीन कुठून आणंल?” हे तुमचं वाक्य मी डॉक्टरांना माझं म्हणून ऐकवलं.

मग तासभर बोलले. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवून शिकवून तोंडाला सवयच लागली आहे. रेकॉर्डचा आवाज गोल असतो हे खरं, पण लातूरच्या धुळीत दर वेळी ब्रश फिरवा, सुई जपा, वीस मिनिटांनी उठून बाजू पालटा; ज्याला गाण्यापेक्षा पूजा जास्त आवडते त्यानं तिच्या नादी लागावं. इंटरनेटवर सगळं मिळतं, पण ते भाड्याचं घर. मालकाच्या मनात आलं की तुमचं आवडतं गाणं एका दिवसात नाहीसं. सीडी प्रामाणिक, पण आता विकणारं कुणी राहिलं नाही. “मी स्वतः फाइली ऐकते,” मी म्हटलं. “खरखर नाही, धूळ नाही, जे आहे ते स्वच्छ.” डॉक्टरांनी विचारलं, “आणि कॅसेट?” मी म्हटलं, “कॅसेट ही काय गंभीरपणे ऐकायची वस्तू आहे?” सगळे हसले. आई आतल्या खोलीत पडली होती. तिचं वय झालंय, पण तिला हवं ते तिला बरोबर ऐकू येतं. ती हसली नसणार. पाहुणे गेल्यावर मी गाण्याच्या खोलीतच बसून राहिले. सोर्स कोणता धरावा हे लोकांनी मला विचारावं, याचीच मला चीड आली.

तुम्ही नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून. घरात मिठाइतकं बोलायचात. पण जयंतीचा महिना लागला की तुम्हाला चाकं फुटायची. आज अर्धापूर, उद्या रेणापूर, परवा कुठल्या तरी फाट्यावरची वस्ती. गायन पार्टी स्टेजवर, माणसं सतरंजीवर आणि तुम्ही एका कडेला टेपरेकॉर्डर घेऊन बसलेले. गावच्या लाइटीचा भरवसा नाही म्हणून सहा सेल सोबत, वाऱ्याचा आवाज शिरू नये म्हणून माइकला स्वतःचा रुमाल गुंडाळलेला. आईनं एकदा विचारलं होतं की हे कशासाठी. तुम्ही म्हणालात, “आपली गाणी कोनती कंपनी भरून ठेवनार हाय? आपुनच भरायची. अन साफ भरायची. उद्या कोनी म्हनू नये, ह्यांचं हे असंच असतंय.” हे वाक्य मला पटतं. आजही पटतं. त्यामुळे तुमच्यावर धड चिडताही येत नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो.

प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला तुम्ही चार शब्द बोलायचात. “अर्धापूर. विहारापुढचं पटांगण. पार्टी नांदेडची. वारा हाय जरा.” मग घसा खाकरायचा आवाज, आणि ढोलकी. पोर असताना मी कान देऊन ऐकायचे, कारण घरात तुमच्या तोंडून इतकी सलग वाक्यं निघायची नाहीत. वारा आहे हे तुम्ही यंत्राला सांगायचात. मी शाळेतून तापानं फणफणत आले तरी मला विचारायचं काम आईकडे.

ती दुपार तुम्हाला आठवत नसेल. मला आठवते. मी चौथीत आहे. पार्टीतल्या गाणाऱ्या बाई आपल्या घरी आल्यात, नवं गाणं जयंतीच्या आधी भरून घ्यायचंय. तुम्ही पंखा बंद केलाय. स्टोव्ह बंद केलाय. शेजारच्यांना रेडिओ बंद करायला सांगून आलात. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापतंय, बाईंच्या कपाळावरचा घाम गळ्यापर्यंत आलाय आणि तरी त्या डोळे मिटून गातात. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड आईला चिकटून उभी. गाणं मला पाठ आहे, कारण चार दिवस त्यांचा सराव आपल्याच ओट्यावर चाललाय. धृपद आलं आणि माझ्या तोंडून ते कधी निघालं मला कळलं नाही. मोठ्यानं निघालं. सुरात निघालं, हे मी आज फिजिक्स शिकवणारी बाई म्हणून सांगते.

खट्ट. तुम्ही बटण दाबलं. पडदा सारला. गाणाऱ्या बाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या की भाऊ, कोरस भेटला उलट. चांगला गळा हाय पोरीचा.” तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणालात, “तुझा आवाज नको हाय ह्याच्यात. जा, भायेर जाऊन बस.” मी उन्हात ओट्यावर जाऊन बसले. आतून टेप मागं फिरवल्याची चिरचिर ऐकू आली. मग बाईंनी पुन्हा सुरुवात केली, आणि तुम्ही माझ्या आवाजावरून तेच गाणं पुन्हा भरून टाकलंत.

त्यानंतर मी गायले नाही. रुसून नाही हो. गळ्याला कुणी विचारणारच नसेल तर तो निमूट बसतो. मी ऐकणारी झाले, आणि ऐकण्यात पुढं तुमच्याही वरताण झाले. दहावीला मार्क चांगले पडले म्हणून तुम्ही मला लातूरला शिकायला ठेवलंत. एसटीत बसवताना हातात एक पुडकं दिलंत. त्यात हेडफोन होते, तेही चांगले, नांदेडला मिळत नव्हते, कुणाकडून तरी मागवलेले. तुम्ही म्हणालात, “हे कानाला लाव. कोनाचा तुला तरास न्हाई, तुझा कोनाला न्हाई.” बस हलली. मुलीला घरातून काढताना बापानं द्यायची ही भेट. होस्टेलच्या मुलींना पत्रं यायची, मला मनिऑर्डरी यायच्या, आणि त्यांवरच्या मजकुराच्या जागेत तुम्ही लिहायचात, “सर्व ठीक.” दोन वर्षं सर्व ठीक. मी लातूरचीच झाले. तुम्ही गेलात तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटपत आलं होतं, आणि माणसं मला सांगत होती की तुमच्या दादांनी गाणी जपली हो.

गाणी पत्र्याच्या पेटीत होती. अडतीस कॅसेटी. प्रत्येकीवर गाव, महिना, पार्टी, तुमच्या त्या ऑफिसच्या अक्षरात. नांदेडचं घर मोकळं करायची वेळ आली तेव्हा मी पेटी उघडली. काही कॅसेटींना बुरशी धरली होती. मी सगळ्या तिथल्याच एका माणसाकडे नेल्या. तो जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. हुशार आहे, हात हळुवार आहे. त्यानं कागद पुढं केला, काय-काय हवं ते लिहा म्हणाला. मी लिहिलं: खरखर काढावी, टाळ्या कमी कराव्यात, सुरुवातीचं बोलणं काढावं. त्यानं वाचून विचारलं, “मॅडम, बोलनं कामून काढायचं? वडील हायत नं ते?” मी म्हटलं, “गाणं हवंय. त्यांचा आवाज नकोय त्यात.” म्हणताना मला बरं वाटलं, दादा. छत्तीस वर्षं तोंडात धरलेली गुठळी थुंकल्यासारखं वाटलं.

सदतीस फाइली आल्या. अडतिसाव्या कॅसेटीपुढं यादीत त्यानं लिहिलं होतं, “गाणं नाही.” तिच्यावर तुम्ही गाव लिहिलं होतं, लातूर, पण महिना नाही, पार्टी नाही. बाकी सगळं मी म्हटलं तसं साफ झालं होतं. कॅसेटी परत न्यायच्या का, असं त्यानं विचारलं. आता कशाला, मी म्हटलं. घरातल्या बाकी सामानाबरोबर त्या भंगारात गेल्या.

घर मोकळं झालं तसं, गेल्या वर्षी, आईला मी इकडे आणलं. पुढं बऱ्याच महिन्यांनी, तिच्यासाठी म्हणून एक दिवस दुपारी तुमचं अर्धापूर लावलं. तिला मधल्या खुर्चीत बसवलं, पाय वर घ्यायला स्टूल दिलं. काय आवाज होता. बाई समोर उभ्या राहून गाताहेत, ढोलकीचं कातडं कळतंय. आईनं सगळं गाणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “गानं चांगलं हाय. पर तुझे दादा कुठं हायत?” मी म्हटलं, दादा कुठं गायचे? ती म्हणाली, “पयले बोलायचे नं ते. वारा हाय, पाऊस हाय. तेवढं लाव.” मी दुसरी फाइल लावली, तिसरी लावली. प्रत्येक गाणं थेट ढोलकीपासून सुरू होत होतं. माझ्या लक्षात आलं की मागचा सगळा माणसांचा गजबजाटही गेलाय. बाई कुणासमोर गात नव्हत्याच. आपल्या माणसांनी भरलेलं पटांगण मी पुसून काढलं होतं, साफ हवं म्हणून. आई म्हणाली, “येकाबी ठिकानी न्हाईत?” मी म्हटलं, यंत्रात काहीतरी बिघाड असेल.

तेव्हा तिनं सांगितलं. मी लातूरला गेले त्या वर्षी दिवाळीआधी एका रविवारी तुम्ही खोलीचं दार लावून घेतलंत. पंखा बंद, स्टोव्ह बंद. आईला वाटलं पार्टी येणार. कुणीच आलं नाही. “येकटेच बोलून राहिले होते. अर्धा घंटा. म्या दाराला कान लावला, तं तुझंच नाव. तुला धाडायची म्हून कॅसेट भरली व्हती त्यांनी. पत्र ल्ह्यायला जमंना, म्हने, बोलूनच धाडतो. अन मंग धाडलीच न्हाई. लाजले. म्हनले, होस्टेलात पोरी हसतील तिला.” मी विचारलं, काय बोलले? ती म्हणाली, “मला काय ठावं? तुला ठावं असंल. त्या पेटीतच व्हती की. वर लातूर ल्ह्यलं व्हतं.”

मी आईला सांगितलं की त्या माणसानं ती परस्पर सोडून दिली, मला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन त्याला भेटलेही. मूळ उतरवलेलं काही शिल्लक आहे का? तो म्हणाला, “जागाच न्हाई राहत मॅडम, सहा महिन्यांत उडवतो मी. आन ती तं उतरवलीच नव्हती.” येताना मी एक जुना कॅसेट डेक विकत घेतला. चांगला आहे, दुरुस्त करून घेतला, त्याचं हेड साफ करून घेतलं. फाइलींच्या डबीशेजारी ठेवलाय. त्यात लावायला माझ्याकडे काही नाही. डॉक्टरांनी परवा त्याच्याकडेच बघून विचारलं होतं, आणि मी सगळ्यांना हसवलं.

आई अजून अधूनमधून विचारते, यंत्र नीट झालं का. मी म्हणते, पार्ट यायचाय. तुम्ही एक कॅसेट भरून ठेवून दिलीत, मी हे कागद भरून डेकच्या खोक्यात ठेवणार आहे. घराण्याची रीत. पण तुमच्यावर सगळं ढकलून हे बंद करता येणार नाही, एक गोष्ट राहते. त्या माणसानं परस्पर काही सोडलं नव्हतं. त्याचा मला फोन आला होता. “मॅडम, ह्या लातूरवाल्या कॅसेटीत गानंच न्हाई. येक मानूस बोलून राहिला. पोरी, पोरी म्हनून राहिला. घेऊ का?” मी म्हटलं, गाणं नसेल तर सोडून द्या. तो म्हणाला, “येकदा ऐकून तं बघा. फोनवरच लावतो.” मी म्हटलं, मी वर्गावर आहे, आणि फोन ठेवला. दादा, तेव्हा मे महिना होता. कॉलेजला सुट्टी होती. मी घरीच बसले होते.