राखून ठेवलेल्या खुर्च्या

४ मार्च, मंगळवार
दिली एकदाची लिहून चारही वर्णनं! आमचं केंद्र आजाऱ्यांना चाकांच्या खुर्च्या उसन्या देतं. लोकांच्या मेसेजना आता एआय एजंट उत्तरं देणार. त्याच्या हाताशी चार टूल्स — साठा पाहा, राखून ठेवा, खुर्ची द्या, परत घ्या. कोणतं कधी वापरायचं हे त्याला फक्त माझ्या वर्णनावरून कळणार. एजंट बसवून देणारी प्रोग्रामर म्हणाली, "ताई, तो काही कोठीत येऊन बघणार नाही. तुम्ही लिहाल तेवढंच त्याला ठाऊक."

'साठा पाहा'मध्ये दिसणारी यादी भरतात भाऊजी. माझे सख्खे दीर. कोठी सांभाळतात, दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडेच. फार गोड बोलतात — आणि गोड बोलणाऱ्यांवर माझा कधीच भरवसा नव्हता. म्हणून 'राखून ठेवा'च्या वर्णनात मुद्दाम लिहिलं: "यादीवर विसंबू नको. खुर्ची खरंच आहे का, हे नक्की कळण्यासाठी हे वापर." खुर्ची नसेल तर राखलीच जाणार नाही. आहे की नाही डोकं?

११ मार्च
एजंट सगळ्यांना सांगतोय — खुर्ची शिल्लक नाही, सगळ्या राखीव. कोठीत डोकावले तर चौदा खुर्च्या भिंतीला लावलेल्या! कुठेतरी पाणी मुरतंय.

१२ मार्च
जेवताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, कोणी नुसतं विचारलं तरी तुमचा एजंट खुर्ची अडकवून ठेवतो बहुतेक. एकदा बघा ना."
"बघते," म्हटलं. बघते कसली! वड्याचं तेल वांग्यावर.
ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला तर दूधवाल्याचाही संशय येतो." येतो. घालतच होता तो पाणी.

१४ मार्च
पाहिलं! स्वतःच्या डोळ्यांनी! भाऊजी मागच्या दाराने एक खुर्ची ढकलत नेत होते. बाहेर एक बाई रिक्षा थांबवून उभी. कॉम्प्युटरवर नोंद नाही. बाईला रडू आवरत नव्हतं, सारखी 'उपकार झाले' म्हणत होती. फुकटात कोणी इतकं म्हणतं होय?

१७ मार्च
आपलेच दात, आपलेच ओठ. पण खुर्चीवाचून माणसं घरात पडून आहेत, त्यांचं काय? तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली: "कोठीकडे लक्ष द्या. खुर्च्या मागच्या दाराने जातात." खाली नाव नाही. अक्षर जरा तिरकं काढलं.

१९ मार्च
केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी भाऊजींना घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत यायचं नाही. बावीस वर्षांची नोकरी. संध्याकाळी जेवायला आले, नेहमीच्या जागी बसले, भाजी परत मागून घेतली. काय म्हणावं ह्या माणसाला!

२४ मार्च
कोठीची किल्ली मोठ्या बाईंच्या पर्समध्ये. तरी परत आलेल्या सहा खुर्च्या दोन दिवसांत राखीव! भाऊजी तर घरी आहेत. मग कोण? प्रोग्रामर. तीच असणार. नाहीतरी जास्तच हसते.

२५ मार्च
तिला पकडायलाच गेले होते. तिने एजंटच्या नोंदी समोर उघडल्या. एकाने विचारलेलं — "वडिलांसाठी खुर्ची मिळेल का? घरी विचारून सांगतो." एजंटने काय करावं? 'राखून ठेवा'. खुर्ची राखली गेली, म्हणजे आहे. "हो, आहे," सांगून मोकळा. तो माणूस पुन्हा फिरकलाच नाही. खुर्ची अडकली ती अडकली. दर चौकशीला एक.

"ताई, तुम्हीच सांगितलंय त्याला, यादीवर विसंबू नको," प्रोग्रामर म्हणाली. ह्या वेळी हसली नाही.

भाऊजींची यादी अगदी बरोबर होती. साप साप म्हणून भुई धोपटत बसले मी. तिथेच नवं वर्णन लिहिलं: "यामुळे खुर्ची अडकते, दुसऱ्याला मिळत नाही. माणूस 'मला हवी' म्हणाला तरच वापर. नुसती चौकशी असेल तर वापरू नको, 'साठा पाहा' वापर." तीन वाक्यं! तेव्हाच सुचायला काय झालं होतं?

२६ मार्च
त्या दिवशी रिक्षा थांबवून उभी असलेली बाई खुर्ची परत घेऊन आली. म्हणाली, "ते दादा कुठे गेले? 'कॉम्प्युटर नाही म्हणतोय, पण मला खुर्ची दिसतेय, घेऊन जा,' म्हणाले होते." कोठीच्या दारामागे भाऊजींची वही टांगलेली. तिचं नाव, पत्ता, तारीख — सगळं त्यात. अशी नऊ नावं. मला कोणाला तोंड दाखवावंसं वाटेना.

२७ मार्च
मोठ्या बाईंना वर्णनाचं सगळं सांगितलं. चिठ्ठीचं तोंडातून निघेना. भाऊजी सोमवारपासून कामावर.

२८ मार्च
मोठ्या बाई जाता जाता म्हणाल्या, "ती चिठ्ठी कोणाची, कळलंच नाही बघा. एकोणीस तारखेला त्यांना दाखवली होती मी. बराच वेळ बघत होते. म्हणाले, अक्षर ओळखीचं नाही."
आमच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर माझ्या हातची चिठ्ठी आहे. मीठ. साखर. चहा. बारा वर्षं भाऊजी त्याच डब्यांतून घेतात.