लोंगानची गाडी आज मी नेते

अहो,

तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. गाडी घेऊन मी लम्पूनच्या बाजारात जाते आहे. लोंगानची फळं कालच तोडलीत, आणखी थांबलो तर साली काळ्या पडतील. चिकट भात टोपलीत आहे, मिरचीची चटणी झाकून ठेवली आहे. काल रात्रीसारखे उपाशी राहू नका.

काल लायसन्सच्या कचेरीत माझं लायसन्स चुटकीसरशी नवं करून मिळालं, पण मला त्याचा जरासुद्धा आनंद नाही. फोटो काढताना तिथली मुलगी म्हणाली, "मावशी, हसा की जरा." समोर तुम्ही मान खाली घालून बसला होतात, मी कशी हसू? त्याआधी नजरेच्या तपासणीत बटण दाबून समोरच्या यंत्रातल्या दोन काड्या एका रेषेत आणायच्या होत्या. तिने तुम्हाला पुन्हा पुन्हा संधी दिली. शेवटी हळूच म्हणाली, "काका, आता राहू द्या." तुम्ही म्हणालात, मशीन बिघडलंय.

येताना गाडी मी चालवली. वाटेत तुम्ही विचारलंत, "जुळल्या होत्या ना गं?" तोंडावर सांगायला धीर होत नाही, म्हणून लिहिते. नव्हत्या जुळल्या. चांगल्या वीतभर लांब होत्या. परवा कालव्याच्या वळणावर तो सायकलवालाही तुम्हाला दिसला नव्हता.

किल्ली माझ्याजवळच राहील. रागवा हवं तर.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. शेजारच्या सीटवर बसायची तुम्हाला सवय नाही. मलाही तुम्हाला तिथे बसलेलं बघायची नाही.

बुआकेव