सासूबाईंच्या आठ्या

प्रिय धाकटीस,

तुझं पार्सल काल पोचलं. दोन टॉवेल, उशांचे चार अभ्रे आणि सासूबाईंनी विणलेला मफलर. टपालाला एकशेदहा पडले तुला. अभ्रे इथेही मिळतात गं, पण असो, आठवणीनं पाठवलेस.

आता मनातलं लिहिते. तीन वर्षांपूर्वी तू लग्न होऊन आलीस, तेव्हापासून मी तुझ्यावर जळते. तू तोंडावर हात धरून हळू आवाजात काहीबाही सांगायचीस आणि सासूबाईंचं हसू थांबायचं नाही. मी नुसतं जेवायला चला म्हटलं, तरी कपाळाला आठ्या, डोळे बारीक, नजर माझ्या तोंडावर रोखलेली. मागून हाक मारली तर वळायच्यासुद्धा नाहीत. मी त्याला तोरा म्हणायचे. बावीस वर्षं त्यांचं सगळं केलं मी, आणि हसू तुझ्या वाट्याला! जपाला बसले तरी बोटं माळेवर आणि कान तुमच्या खोलीकडे. वाटायचं, ही नक्की माझ्याच चहाड्या सांगते आहे. पुढच्या वाकड्या दाताची तुला लाज वाटते, हे भाऊजींनी एकदा सांगितलं होतं. मी कानाआड केलं.

भाऊजींची बदली झाली आणि तुम्ही निघालात, तेव्हा मीच सासूबाईंसमोर फणकारले, जिथं हसू येतं तिथंच राहावं माणसानं. त्या टक लावून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक भरली.

काल मफलरच्या घडीत त्यांची चिठ्ठी निघाली. तुला ठाऊक नसावी. लिहितात, चार वर्षं झाली, ऐकू येत नाही, कुणाला सांगू नकोस. माझं बोलणं त्यांना ओठांवरून कळायचं. त्यासाठी डोळे ताणावे लागायचे, त्याच त्या आठ्या. तुझे ओठ हाताआड, एक अक्षर कळत नाही, मग पोरीला वाईट वाटू नये म्हणून हसायचं. आणि खाली एकच ओळ: "तुझं तोंड सदा फुगलेलं, तुला माझं ओझं झालं, म्हणून निघाले."

खोटं कशाला बोलू, आधी मला गुदगुल्याच झाल्या. ते हसू तुझं नव्हतंच! मग ती खालची ओळ परत वाचली आणि ओट्याला धरून रडले. माझं तोंड फुगलेलं होतं ते तुझ्यामुळे. त्यांना वाटलं, त्यांच्यामुळे.

मला त्या परत हव्या आहेत, त्यासाठी हे पत्र. तू त्यांच्यासमोर बस, तोंडावरचा हात काढ आणि सावकाश विचार, थोरलीकडे जायचं का. तुझे ओठ दिसायला लागले की त्या तिथंच रमतील, ही धास्ती मला आहेच. तरी विचार. नको म्हणाल्या तर तेही लपवू नकोस. दोन दिवस चडफडेन, तिसऱ्या दिवशी लोकर पाठवीन. हो म्हणाल्या तर कोणत्या गाडीनं न्यायला येऊ, ते उलट टपाली कळव.

तुझीच,
थोरली जाऊ