भेगांवरचं क्रीम

मंगळवार, ४ मार्च

ह्यांचे हात बघवत नाहीत! रात्रपाळीहून आले, कप धरताना बोटाची भेग उलली, बशीला रक्त. कारखान्यात कसल्याशा पाण्यानं सारखी पुसापुशी करावी लागते, त्यानं कातडं सुकतं. म्हटलं, क्रीम आणते.

"अजिबात नको. आमच्या खोलीत तेल, क्रीम, अत्तर, काही चालत नाही. किती वेळा सांगायचं?"

सांगितलंय खरं. पण भेगा काय त्यांच्या साहेबाला पडतात?

गुरुवार, ६ मार्च

क्रीम एकावर एक फुकट होतं. घेतलं. हिशेबात 'औषध' म्हणून लिहिलं – तसं खोटं नाही.

दुपारी हे गाढ झोपलेले. पलंगाच्या कडेला बसून दोन्ही तळव्यांना जिरेपर्यंत चोळलं. मनातल्या मनात जप चालू. उठल्यावर हात धुतातच, कंपनीला काय कळतंय!

सोमवार, १० मार्च

रोज लावते. भेगा मिटायला लागल्या. हे म्हणतात, "हवा बदलली वाटतं." मी आपली पोळ्या लाटत राहिले.

सासूबाई जेवताना म्हणाल्या, "विमानं बनवतो म्हणे, आणि घरातला नळ टपटपतोय तो टपटपतोयच." धाकटे भाऊजी लगेच, "आई, नळ उडत नाही ना, म्हणून दादाला जमत नाही!" हेसुद्धा हसले. भाऊजींना ह्यांनीच कंपनीत लावलंय, ह्यांच्याच हाताखाली. अजून कायम व्हायचेत.

बुधवार, १९ मार्च

आज जेवले नाहीत. त्यांच्याकडे काळं कापड थरावर थर घालतात, भट्टीत दाबून विमानाच्या दारांच्या फळ्या करतात. दगडासारख्या होतात म्हणे. त्यातली एक काल तपासताना हातानं सोलली गेली. मग दुसरीही.

"कांद्याचे पापुद्रे सुटावेत तशी," म्हणाले. मग ताट सारलं – "वर आभाळात सुटली असती तर?" आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मला दुसरं काय करता येणार? डोळा लागल्यावर हात हातात घेतला आणि क्रीम लावलं.

शुक्रवार, २१ मार्च

थरांच्या मध्ये सिलिकॉन सापडलं, त्यानं थर एकमेकांना धरत नाहीत. फळी साच्याला चिकटू नये म्हणून भाऊजी साच्यांना पॉलिश लावतात, त्यात तेच असतं. झालं! खापर भाऊजींच्या डोक्यावर. साहेब त्यांना घरी बसा म्हणाले, गुरुवारी चौकशी.

"दादा, मी बाटली कापडाजवळ नेलीसुद्धा नाही. तू तिथेच होतास की!" भाऊजी सांगत होते. हे बुटाची नाडी सोडत राहिले.

सासूबाईंनी ह्यांना ऐकवलं, "नोकरीला लावलंस तू, आता काढणारही तूच का?" जाऊबाईला सातवा महिना. ती उठून आत गेली.

रविवार, २३ मार्च

ट्यूब संपली म्हणून दुसरी काढली. मागे काय लिहिलंय ते आज पहिल्यांदा चष्मा लावून वाचलं. 'मऊपणासाठी सिलिकॉनयुक्त.'

ह्यांनीच मागे एकदा सांगितलं होतं – थर घालताना कापडामागचा कागद कोपऱ्यात हातमोज्यानं सुटत नाही, मोजा काढून नखानं उचलतात. सगळेच तसं करतात.

म्हणजे मीच! देवापुढे बसले. जप होईना. ज्या तोंडानं नाव घ्यायचं ते तोंडच लपवावंसं वाटतंय.

सोमवार, २४ मार्च

सांगावं तर ह्यांची नोकरी. न सांगावं तर भाऊजींची. इकडे आड, तिकडे विहीर.

आणि भाऊजी नळ दुरुस्त करत बसलेले! "वहिनी, रिकामा गडी मिळालाय, घ्या कामं करून." हसायला जमलं नाही. जाऊबाई हळूच म्हणाली, "ताई, तुमचं देव ऐकतो. ह्यांच्यासाठी मागा ना काहीतरी."

बुधवार, २६ मार्च

सांगून टाकलं! डबा भरता भरता, एका दमात. वाटलं, डबा भिंतीवर जाईल. तसं काही नाही. ओरडलेसुद्धा नाहीत. "तू कुठे बोलू नकोस," एवढंच. डबा घेतला आणि पाळीला गेले.

गुरुवार, २७ मार्च

दुपार टळल्यावर आले. चौकशीत सांगितलं म्हणे – क्रीम मी लावत होतो, नियम माहीत असून. माझं नाव घेतलंच नाही. ह्यांना कामावरून काढलं. भाऊजींना उद्यापासून बोलावलंय.

जाऊबाई गळ्यात पडून रडली. "देवमाणूस आहेत मोठे भाऊजी, ताई!" सासूबाईंनी ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवला – कितीतरी वर्षांनी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं पाप, आणि फेडतायत हे!

शुक्रवार, २८ मार्च

विचारलं, "माझं तुम्ही का अंगावर घेतलंत? तुम्ही तर झोपेत होता."

"झोपेत नव्हतो," म्हणाले. "एकही दिवस नाही. डोळे उघडले तर तू हात सोडशील म्हणून पडून राहायचो."

म्हणजे भाऊजींना घरी बसवलं, त्या दिवशीही ह्यांना माहीत होतं, क्रीम आपल्याच हातांना आहे. आणि तरी –

बाहेर भाऊजी हाका मारताहेत, "दादा, चल, ताटं वाढलीयेत! तू आल्याशिवाय मी घास घेणार नाही." हे जागचे हलत नाहीत. मीही नाही.