चरबीची डबी

प्रिय बाबा,

तुमच्या केंगेशचा सलाम. मी सुखरूप आहे. गुडघा जरा खरचटलाय, पण आईला ते सांगू नका. वर कुरणावर गारठा सुरू झाला का? तुमचा खोकला कसा आहे?

काराकोलची सायकल शर्यत झाली. तुम्ही दिलेली मेंढीच्या शेपटाची चरबी मी आदल्या दिवशी चेनला चोपडली होती. दुकानातलं तेल होतं माझ्याकडे, पण खोगिराच्या पट्ट्यांसाठी जपलेली डबी तुम्ही मला काढून दिलीत, म्हणून तीच लावली. डोंगराच्या चढावर धूळ फार. चरबीत धूळ बसून नुसता चिखल झाला, चेन अडकली आणि मी जोर लावताच तुटली.

मागून मेदेर आला, आमच्या कारखान्यातला. स्वतःची शर्यत सोडून थांबला बिचारा. चेन बघून म्हणाला, "अरे, हिला तळायला काढली होतीस का? कुणी दिलं हे असलं?"

रस्त्याकडेला बसलेले लोक हसले. मीही हसलो. म्हणालो, "भेटला होता डोंगरातला कुणी एक म्हातारा."

बाबा, शर्यत हुकली त्याचं काही नाही, ती दरवर्षी असते. पण हे मी बोललो, आणि हसत बोललो.

मेदेर हात पुसत म्हणाला, "जाऊ दे, मायेनं दिलं असेल. पुन्हा भेटला तर त्या म्हाताऱ्याला माझा सलाम सांग."

तो सलाम या पत्रातून पाठवतोय.

तुमचाच मुलगा,
केंगेश