डॉक्टर मीटिंगमध्ये आहेत

३ मार्च
आजपासून मी नुसता मानसोपचारतज्ज्ञ नाही, या भागातल्या सगळ्या मानसिक आरोग्य सेवेचा प्रमुख. एकेक पेशंट बघत बसणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. आता सिस्टिमच सुधारायची. संकल्प : दिवसाला एकच मीटिंग, तीही अर्ध्या तासाची.

५ मार्च
मीटिंग जेवणापर्यंत लांबली. विषय : मीटिंगा कमी कशा करायच्या. चर्चा उत्तम झाली.

१० मार्च, दुपार
आमच्या नर्स म्हणाल्या, टेलरने गोळ्या बंद केल्यात, दार लावून बसलाय. टेलर माझा जुना पेशंट, घरीच शिवणकाम करतो. सगळे आपल्या वाईटावर आहेत असा त्याचा संशय, भरवसा फक्त माझ्यावर. तुम्हीच घरी जाऊन या, असं नर्सचं म्हणणं. पण प्रमुखच घरोघरी फिरायला लागला तर टीमने काय करायचं? शिवाय होम व्हिजिटचं धोरण अजून ठरायचंय. त्याआधी जाणं म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

१३ मार्च
टेलर स्वतः फोन करतोय. रिसेप्शनला सांगून ठेवलंय, डॉक्टर मीटिंगमध्ये आहेत म्हणा. खोटं काहीच नाही त्यात. बायको म्हणाली, हल्ली तू घरातही प्रमुखासारखाच बोलतोस. दुर्लक्ष केलं. झोप मात्र लागत नाही. चहा कमी करायला हवा.

१७ मार्च
धोरणाचा मसुदा जवळजवळ तयार. टेलरचे फोन थांबले. म्हणजे सुधारणा दिसते.

१९ मार्च
बजेटवाले येऊन बसले. टेलरकडे उद्या नक्की.

२१ मार्च, सकाळ
टेलरची मोठी बहीण रडत आली. त्याने जेवणही सोडलंय. मीटिंग अर्धी टाकून निघतोय. माझा आवाज ऐकला की दार उघडेल, असं सगळ्यांना सांगितलं.

२१ मार्च, संध्याकाळ
दार वाजवलं, नाव सांगितलं. आतून आवाज आला, "खोटं बोलताय. डॉक्टर मीटिंगमध्ये असतात."

मी खूप समजावलं. आतून त्याने शिलाई मशीन ओढून दाराला लावलं. शेवटी दार तोडावं लागलं. ओळखू येणार नाही इतका वाळलाय. अँब्युलन्समध्ये मी त्याच्या समोरच बसलो होतो. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि बहिणीला जवळ बोलावून म्हणाला, "ताई, डॉक्टर मोकळे झाले की त्यांना सांग, मी वाट बघतोय. या माणसाला कळू देऊ नकोस."

ताईने मान हलवली. मला एकही कारण सुचलं नाही. मीही हलवली.