वाफ्यात ओतलेले कृमी

३ नोव्हें.
रोपं कोलमडवणाऱ्या बुरशीची बशी आज उघडली. तीन आठवड्यांपूर्वी तिच्यात थोडे सूत्रकृमी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे मातीतले जंत, सोडले होते. बुरशीचा पांढरा कापूस जवळजवळ संपलाय. सूक्ष्मदर्शकाखाली नुसती वळवळ. अंडी, पिल्लं, सगळं. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, बाकीच्या बुरशांवर काय होतं ते कळेपर्यंत घाई नको. बरोबरच आहे. पण जाऊबाईंची वांग्याची रोपं दर वर्षी याच रोगानं जातात...

५ नोव्हें., रवि.
जाऊबाईंच्या गावी, कोंडाण्याला जाऊन आले. बाटलीभर कृमींचं पाणी जाऊबाईंच्या एका वाफ्यात ओतलं. त्यात मीच दिलेली ट्रायकोडर्माची पावडर आधीपासून आहे. ती चांगली बुरशी, रोगाच्या बुरशीला दाबते. दुहेरी बंदोबस्त झाला. मॅडमना सांगितलं नाही.

१४ नोव्हें.
जाऊबाईंचा फोन. त्या वाफ्यात एक रोप लोळलेलं नाही. काय टाकलंस गं, विचारत होत्या. औषध म्हटलं. दिवसभर छान वाटत होतं.

१७ नोव्हें.
बाकीच्या बुरशांच्या उरलेल्या बश्या उघडल्या. एकीवर कृमी जेमतेम तगलेत, एकीवर मेले. ट्रायकोडर्माची शेवटी उघडली. हिरवीगार असायला हवी होती. हिरवा रंग कडेला तेवढा उरलाय, मधे काच दिसते. कृमी मोजायला घेतले, मधेच सोडून दिले. पहिल्या बशीपेक्षा जास्तच. म्हणजे रोगाच्या बुरशीपेक्षा त्यांना ही चांगलीच जास्त आवडते.
मॅडमनी बशी बघितली. म्हणाल्या, "बरं झालं, हे अजून शेतात नाही गेले."
मी मान हलवली.

१८ नोव्हें.
खात्रीसाठी नव्या बश्या भरल्या. बशीत झालं तसं मातीत होईलच असं नाही. मातीत कृमींना खाणारेही असतात. हेच सकाळपासून स्वतःला सांगतेय.

१९ नोव्हें., रवि.
कोंडाणे. वाफा निम्मा रिकामा. मला वाटलं रोपं गेली. तर नाही, रोपं छान दिसली म्हणून चार घरच्या बायकांनी मुळाखालची माती रोपांसकट पाट्या भरून नेली. एक पाटी जाऊबाईंच्या बहिणीकडे खालापूरला. "तुजं औषध हाय, म्हणून कोनाला नाय म्हटलं नाय."
उरलेल्या वाफ्यात एका कोपऱ्यातली रोपं आडवी झालीत. देठ मातीलगत तपकिरी, दोऱ्यासारखे. जाऊबाई म्हणाल्या, काल बरी होती. मग सगळं सांगितलं. नीट ऐकून घेतलं त्यांनी.
"मंग ते परत काडता येतील ना गं?"
त्यांनी कोणाकोणाला माती दिली तेच मी विचारत राहिले.

२० नोव्हें.
मॅडमना सांगितलं. रागावल्या नाहीत. माती नेलेल्यांची नावं वहीत लिहून घेतली. रागावल्या असत्या तर...
खालापूरला फोन लावला. बहिणीनं पाटीतली माती सगळ्या वाफ्यांत सारखी पसरलीय. रोपं उभी आहेत म्हणाली, अजून तरी. शेजारणीलाही थोडी दिलीय.
मातीच्या नमुन्यांसाठी रिकाम्या पिशव्या बॅगेत भरून ठेवल्या. सकाळी आधी तिकडे जाते.